टोपीवरचा तंतू

हसायचं असेल तर आधी हसून घ्या. पुठ्ठ्याच्या टोपीवर गोंदाने डकवलेला, केसाहून जरासा जाड असा प्लास्टिकचा तंतू तुमच्याशी बोलतोय. माझ्या एका अंगाला पुठ्ठ्यातून कापलेला इवलासा पाय आहे आणि दुसऱ्या अंगाला वाळलेल्या अळंबीची चकती. मध्ये मी, नागमोडी वळवून चिकटवलेला. ही टोपी फाल्कोच्या डोक्यावर चढली त्या दिवशी माणसं पोट धरून हसली होती. मग तुम्हीच का मागे राहता?

अशी टोपी दुकानात मिळत नाही. आमच्याकडे कुणी डॉक्टरेट मिळवली की त्याचे सोबती पुठ्ठा कापून त्याच्यासाठी टोपी करतात आणि त्याने इतकी वर्षं जे काही केलं त्याची टर उडवणाऱ्या वस्तू तिच्यावर लावतात. मी त्यातलीच एक वस्तू. पण त्याआधी मला एका माणसाच्या गुडघ्यावर पहारा करायला बसवलं होतं. तो गुडघा आता त्या माणसाकडे नाही.

माझा जन्म एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर झाला आणि माझी सुईण होती हाइडरून. साठीला टेकलेली बाई, आवाज खरखरीत, जिभेला हाड नाही. प्लेक्सिग्लासचा, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचा मनगटाएवढा दांडा, त्यात लांबीभर बारीक भोकं पाडलेली, तो ती उंच मनोऱ्याच्या टोकाला भट्टीत टांगायची. दांडा तापून मऊ झाला की एक थेंब खाली ओघळतो आणि त्याच्या मागून शेपटीसारखी तार निघते. ती तार पकडून हाइडरून खालच्या रिळावर गुंडाळायला घ्यायची.

"ये बाबा, ये," ती मला म्हणाली. "तुटलास तर कचऱ्याची बादली इथेच आहे."

मी तुटलो नाही. पण असं खेचून खेचून ज्याला बारीक केलं आणि खेचलेला असतानाच गार केलं, त्याच्या अंगात ती ओढ तशीच राहते. वरून मी सरळ आणि गुळगुळीत दिसतो. आतून मात्र कण न् कण आखडायला टपलेला असतो. जरा ऊब मिळाली, जरा ओल मिळाली की तो आपल्या जागी परत जाऊ बघतो आणि मी आकसतो. म्हणून माझ्या जातीच्या तंतूला कामाला लावण्याआधी ओव्हनमध्ये दोन दिवस शेकतात. शेकलं की ओढ निघून जाते. हे संस्थेत झाडूवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

फाल्को ब्रिंकमान हा माझा मालक. तिशीच्या आतला, देखणा, लोकांना लगेच आवडणारा. त्याच्या डॉक्टरेटचा विषय होता नकली पायाचं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात खोचायचा ती खोल वाटी. ती कुठे काचते, कुठे दाब जास्त पडतो, हे माझ्यासारख्या मऊ तंतूने आतून सांगायचं. काचेचा तंतू मोडतो आणि मोडला की टोचतो, म्हणून माणसाच्या कातडीजवळ आम्हाला ठेवतात. माझ्या पोटात लेझरने अतिबारीक रेघा कोरतात. त्याला ही मंडळी ग्रेटिंग म्हणतात. माझ्यातून प्रकाश सोडला की त्या रेघांवरून एकच रंग परत येतो. मला ताणलं की तो रंग एका बाजूला सरकतो, मी आकसलो की उलट बाजूला. एवढीच माझी भाषा. का ताणलो आणि का आकसलो, हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

आता त्या माणसाबद्दल. एगॉन कीझेवेटर. आयुष्यभर चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेला, सत्तरीला आलेला, आणि साखरेच्या आजाराने एका पायाचा गुडघ्याखालचा भाग गमावलेला. जुन्या नकली पायावर तो लंगडत, दर पावलाला थांबत कसाबसा डोंगर चढायचा. फाल्कोच्या नव्या सॉकेटसाठी त्याने आपण होऊन नाव दिलं, कारण त्याला एकच गोष्ट हवी होती: शरद आला की पूर्वीसारखं न अडखळता डोंगर चढून जंगलात अळंब्या वेचायला जायचं. आमच्याकडे हे वेड घराघरात आहे. पण एगॉनची जागा वेगळी. तिथल्या अळंब्या ताटाएवढ्या, आणि ती जागा तो कुणाला म्हणजे कुणाला सांगत नसे.

मी रिळावरून नुकताच उतरलो होतो तेव्हा तो मापं द्यायला आला. हातात टोपली, मागे बायको रोझेमारी.

"हे घ्या, डॉक्टर," त्याने टोपली टेबलावर ठेवली.

"अजून डॉक्टर झालो नाही हो, कीझेवेटरसाहेब."

"व्हाल की. माझ्याच पायावर उभं राहून व्हाल."

फाल्को टोपलीत बघतच राहिला. "एवढ्या कुठे मिळाल्या?"

"जंगलात."

"जंगलात कुठे?"

"झाडाखाली."

हाइडरून खिदळली. "विचारू नकोस. बायकोचं वजन सांगतील, पण जागा नाही सांगणार."

"मला तरी कुठे सांगितलीय?" रोझेमारी म्हणाली. "एवढी वर्षं यांचे मोजे धुतेय मी."

"तुला सांगितली की तुझ्या बहिणीला कळणार. तुझ्या बहिणीला कळली की चर्चमध्ये पाद्री वाचून दाखवणार." मग एगॉन फाल्कोकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हा पाय जमला ना, तर तुम्हाला दाखवीन. जिवंत माणसांत तुम्ही पहिले."

ओल्या अळंब्या तशाच ठेवल्या तर किडतात. फाल्कोचे मार्गदर्शक प्रोफेसर ओटेनबाख तिकडून चालले होते. ते थांबले, एक अळंबी उचलून नाकाला लावली आणि म्हणाले, "अहो, मग ओव्हनमध्ये टाका ना. नाही तरी दरवर्षी टाकतोच आपण." ओव्हनच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलंय की आत खाण्याची वस्तू ठेवू नये. शरदात ते कुणाला दिसत नाही. हाइडरूनने अळंब्यांच्या चकत्या केल्या, जाळ्यांवर पसरल्या आणि दार लावलं. सगळा मजला खमंग वासाने भरला. मी बाहेर राहिलो.

"आणि हा?" हाइडरूनने रिळाकडे हनुवटी केली.

"परवा," फाल्को म्हणाला.

परवा आला. एगॉनच्या अळंब्या वाळल्या, त्यांची वाटणी झाली, प्रोफेसरांना मोठा वाटा गेला. आणि सोमवारी प्रोफेसर स्वतःच रविवारची टोपली घेऊन हजर झाले. त्यांच्या अळंब्या बाहेर काढा असं त्यांना कोण म्हणणार? ज्याच्या सहीवर आपली डॉक्टरेट अडलेली असते त्याच्या चकत्यांना हात लावण्याइतकी छाती फाल्कोजवळ नव्हती. त्यातच सॉकेट करणाऱ्या कारागिराचा निरोप आला की साचा तयार आहे, तंतू घेऊन या.

"तसाच कोरतो," फाल्को म्हणाला.

"न शेकता?"

"माणसाचं अंग किती गरम असतं, हाइडरून? सदतीस. सदतीसला याचं काय होणार? हा काय लोणी आहे?"

"तुझी डॉक्टरकी आहे बाबा, माझी नाही," असं म्हणून ती सिगारेट ओढायला बाहेर गेली.

कोरड्या सदतीसला मी टिकलोही असतो. पण सॉकेटच्या आत काय असतं ते फाल्कोला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? तिथे ऊब असते आणि दिवसभराचा घाम असतो, आणि ओली ऊब माझ्या अंगातली ओढ कोरड्या उबेपेक्षा फार लवकर सोडवते. त्यानेच तसं एका सभेत चित्रं दाखवून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

त्या दिवशी दारं-खिडक्या बंद करून, श्वास आवरून त्याने माझ्या पोटात रेघा कोरल्या. संगणकाच्या पडद्यावर माझा रंग उगवायला लागला तसा तो पुटपुटत होता, "वाढ रे बाळा, वाढ." अगदी प्रेमाने. त्याचं ते प्रेम खोटं नव्हतं, मी शपथेवर सांगतो. आणि तेवढं प्रेम असूनही त्याने ओव्हनचं दार उघडलं नाही.

सॉकेटच्या अस्तरात मला बसवलं. नडगीचं हाड जिथे कातडीला टेकतं, नेमका तिथे. एगॉनच्या पट्ट्याला एक डबी लावली आणि तिच्यावर तीन दिवे होते.

"हिरवा असला की खुशाल चाला," फाल्कोने समजावलं. "पिवळा झाला की बसा. लाल झाला की पाय काढा आणि मला फोन करा. जेवढं चालाल तेवढं चांगलं. मधे खंड पडला की माझी सगळी नोंद वाया जाते."

"आणि दुखलं तर?" रोझेमारीने विचारलं.

"फ्राउ कीझेवेटर, दुखण्यावर जाऊ नका. साखरेने नसा बिघडतात, भलतंच सांगतात. जो पाय नाही तोसुद्धा दुखतोच की यांचा?"

"अंगठा खाजतो," एगॉन म्हणाला. "नसलेला. रोज, बातम्यांच्या वेळी."

सगळे हसले.

"म्हणून तर हा तंतू," फाल्को म्हणाला. "याला भास होत नाहीत."

एगॉनला हे एकदम पटलं. त्याच्या कारखान्यात भट्टीत छोटे मातीचे शंकू ठेवायचे. आच पुरेशी झाली की शंकू मान टाकायचा आणि मग भट्टी बंद. नवखे लोक ज्वाळेचा रंग बघून ठरवायचे आणि अख्खा माल वाकडा काढायचे. "मी पण एकदा डोळ्यावर विश्वास ठेवला होता," त्याने फाल्कोला सांगितलं. "लग्नाचा पूर्ण चहाचा संच गेला. तेव्हापासून शंकू म्हणेल ते खरं." म्हाताऱ्याने आपला गळा स्वतःच फासात अडकवला, आणि वर दोरी चांगली आहे म्हणून तारीफही केली.

सुरुवातीला मी चोख काम केलं. एकदा जिन्यावर दाब वाढला, मी ताणलो, पिवळा लागला, एगॉन पायरीवरच बसला आणि लहान मुलासारखा खूश झाला. "बघितलंस? कळतं याला!" त्याने डबीवर थोपटलं. मलाही बरं वाटलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, असं वाटण्याचे माझे तेवढेच दिवस.

मग ऊब आत मुरली. मी आकसायला लागलो. इतकं हळू की माझं मलाच कळलं नाही. त्याच सुमारास थंडीने एगॉनच्या कापलेल्या पायाचा खुंट थोडा बारीक झाला, सॉकेट खाली सरकलं आणि हाड माझ्यावर रुतायला लागलं. दाब म्हणत होता ताण. घाम म्हणत होता आकस. दोघांच्या ओढाताणीत माझा रंग होता तिथेच राहिला आणि डबीवर हिरवा दिवा लुकलुकत राहिला. मी ओरडायचं म्हणजे काय करायचं, सांगा ना. माझ्याकडे रंग सरकवण्याखेरीज काही नव्हतं, आणि तो सरकत नव्हता.

"पुन्हा तोंड वाकडं केलंस," रोझेमारी स्वयंपाकघरात म्हणाली. रविवार होता, बटाट्याचे गोळे उकळत होते. "काढ तो पाय."

"हिरवा आहे."

"तोंड बघ तुझं. हिरवं तेच झालंय."

"अगं, नसा भलतंच सांगतात. ऐकलंस ना?"

"मग मला का नाही सांगत माझ्या नसा भलतंच?"

"तुझ्या नसा माझ्या चुका सांगण्यात गुंतल्यात," तो म्हणाला. तिने कपडा फेकून मारला आणि विषय तिथेच संपला.

कातडी लाल झालेली त्याने पाहिली होती. तो आळशी नव्हता, रोज आरसा धरून बघायचा. त्याने फोन केला, रोझेमारी बाजारात गेलेली असताना. मी त्या वेळी त्याच्या पायातच होतो, त्यामुळे एक बाजू ऐकू आली आणि फोन मोठ्या आवाजात लावल्यामुळे दुसरीही.

"मी आत्ताच आकडे बघितले," फाल्को म्हणाला. "टेबलासारखी सपाट रेघ आहे. नव्या सॉकेटची लाली असते हो थोडी."

"दोन दिवस काढून ठेवू का?"

"तुमची इच्छा. पण आत्ता काढलात तर सगळं पहिल्यापासून. प्रोफेसरांना दाखवायचंय हो मला नाताळाच्या आधी."

"नाही, नाही. मग राहू दे," एगॉन घाईने म्हणाला. त्याला लाज वाटली. उगाच कुरकुर करणारा म्हातारा ठरलो की काय, असं वाटून त्याचे कान लाल झाले असणार. त्या दिवसापासून त्याने आरसा धरणं सोडलं. जे यंत्र नाही म्हणतंय ते बघायचं कशाला? उलट तो जास्त चालायला लागला. नदीच्या पुलापर्यंत, मग स्मशानात भावाच्या कबरीपर्यंत, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पायथ्याशी उभा राहून तो वर झाडांकडे बघायचा. "पुढच्या शरदात," तो म्हणायचा. कुणाला म्हणायचा ते माहीत नाही. तिथे मीच काय तो होतो.

एका सकाळी तो उठलाच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. पाय चढवूनच झोपला होता, नोंदीत खंड नको म्हणून. रोझेमारीने पट्टे सोडून सॉकेट ओढलं आणि तो वास आला. ती ओरडली नाही. तिने सॉकेट टेबलावर ठेवलं, जेवणाच्या टेबलावर, आणि भिंतीला धरून उभी राहिली. रुग्णवाहिका येईपर्यंत टेबलावर डबीचा हिरवा दिवा लागत-विझत होता. शेवटी तिने त्याच्यावर चहाची किटली झाकायची लोकरी टोपी घातली.

गुडघा गेला. मांडीच्या मध्यापर्यंत कापावं लागलं.

मला अस्तरातून सोलून काढलं, धुतलं आणि फाल्कोच्या टेबलावर आणलं. त्याने माझ्यातून प्रकाश सोडला. आता ना दाब होता ना घाम, दोन दिवस मला कोरड्या हवेत ठेवलं होतं. मी जिथून निघालो होतो तिथे परत यायला हवं होतं. मी तिथे नव्हतो. माझा रंग खूप अलीकडे येऊन थांबला होता. फाल्कोने यंत्राची तार काढली, पुन्हा लावली. मला वाटलं, आता तरी कळेल याला. आणि कळलंच. त्याचा चेहरा पांढरा पडला.

हाइडरून पाठीमागे येऊन उभी राहिली. "कुठून निघाला होता?"

"इथून."

"आणि आता?"

त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"मेरी माते," हाइडरून म्हणाली.

"आकसलाय," फाल्को म्हणाला. "तो सगळा वेळ आकसत होता. दाब पडत होता, हा आकसत होता, आणि मी त्याला म्हटलं, चाला."

हाइडरूनने ओव्हनच्या घरघरणाऱ्या पंख्याकडे मान वळवली.

"म्हाताऱ्याला सांगणार?"

"काय सांगू? काय सांगू त्याला, हाइडरून? ओव्हनमध्ये तुमच्या अळंब्या होत्या म्हणून?"

हाइडरूनने ओठ आवळले. तिच्या नाकातून एक आवाज निघाला. फाल्कोने तिच्याकडे पाहिलं आणि त्यालाही फुटलं. दोघं हसायला लागली. थांबायचा प्रयत्न केला तसं आणखी वाढलं. हाइडरूनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, फाल्कोने कपाळ टेबलाला टेकवलं होतं, खांदे गदगदत होते. वाईट माणसं नव्हती ती. मी बराच काळ त्यांना ओळखतो. पण त्या हसण्याबद्दल मी त्यांना क्षमा करणार नाही, आणि माझ्या क्षमेची त्यांना गरजही पडलेली नाही.

प्रोफेसर ओटेनबाखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दुर्दैवी," ते म्हणाले. "पण साखरेचा रुग्ण होता. आज ना उद्या गेलाच असता तो गुडघा." मग चष्मा पुसत म्हणाले, "तंतूचं शून्य, म्हणजे मोजणीची मूळ जागाच कशी सरकते, यावर एक चांगला परिच्छेद लिहा. हिशेबात ते कसं दुरुस्त करता येईल तेही लिहा. परीक्षकांना असा प्रामाणिकपणा आवडतो."

फाल्कोने लिहिला. सुंदर लिहिला. त्यात मी होतो, माझं सरकणं होतं, गणित होतं. ओव्हन नव्हता, अळंब्या नव्हत्या आणि एगॉनही नव्हता. परीक्षकांनी नेमका त्यावरच प्रश्न विचारला आणि फाल्कोने इतकं छान उत्तर दिलं की त्यांनी मान डोलावली.

उन्हाळ्यात संस्थेच्या अंगणात मेजवानी झाली. निखाऱ्यावर सॉसेजेस भाजत होती, बिअरचे क्रेट गवतात पडले होते. टोपीवर मला लावायची कल्पना सोबत्यांची, अळंबी मात्र हाइडरूनने स्वतः आणून चिकटवली. टोपी डोक्यावर चढली तेव्हा सगळे हसले. फाल्को अळंबी बघून एक क्षण हाइडरूनकडे बघत राहिला आणि मग तोही हसला.

एगॉनला बोलावणं होतं. रोझेमारी त्याची चाकांची खुर्ची गवतावरून ढकलत आली. तिला धाप लागली होती.

"माझी अळंबी!" एगॉन टोपीकडे बोट करून ओरडला. त्याला वाटलं, आपल्या भेटीचा मान ठेवला. "रोझेमारी, बघ, ठेवलीय यांनी!"

फाल्को खुर्चीशेजारी वाकला. आता एगॉनचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्या श्वासाला बिअरचा वास होता.

"डॉक्टर, मला तुमची माफी मागायचीय," तो म्हणाला.

"माफी? कशाबद्दल?"

"माझ्यामुळे तुमचं काम अर्धवट राहिलं. तंतूची चूक नव्हती. अखेरपर्यंत बरोबर सांगत होता बिचारा. माझं शरीरच नालायक. हिरव्या दिव्याखाली सडतं म्हणजे काय!"

फाल्कोचं तोंड उघडलं. मी टोपीवरून बघत होतो. रोझेमारीही बघत होती, अगदी टक लावून, जणू तिला काहीतरी ऐकायचं होतं आणि ते याच तोंडातून येणार हे तिला माहीत होतं. त्याच्या कपाळाची शीर उडत होती, ती टोपीच्या पुठ्ठ्याला लागत होती. एक वाक्य पुरे होतं. मी शेकलो नव्हतो, एवढंच.

"असं म्हणू नका," फाल्को म्हणाला. "तुमची फार मदत झाली."

रोझेमारीने मान फिरवली.

"मग आता अहो-जाहो पुरे," एगॉनने पेला उचलला. "मी मोठा, मी सांगतो. मला एगॉन म्हण."

"एगॉन," फाल्को म्हणाला. पेले एकमेकांवर आपटले. मग म्हाताऱ्याने त्याची मान पकडून खाली ओढली आणि त्याच्या कानात ती जागा सांगितली. वनरक्षकाच्या जुन्या झोपडीमागून ओढा ओलांडायचा, वीज पडलेल्या बीच जातीच्या झाडापासून डावीकडे, जिथे फर्नची झुडपं दाट आहेत तिथे वाकून आत. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मला कधी नाही सांगितलीस," रोझेमारी म्हणाली.

"तू काय करणार ऐकून? तू थोडीच डोंगर चढणार आहेस?"

"तू तरी कुठे चढणार आहेस," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. आसपासचे लोक आपल्या पेल्यांत बघायला लागले.

त्यानंतर फाल्को संस्थेतच नोकरीला लागला आणि टोपी प्रयोगशाळेच्या फळीवर आली, खिडकीच्या उन्हात, खाली हीटर. सगळा उन्हाळा मी उन्हात तापलो. थंडी पडताच हीटर सुरू झाला. आणि हळूहळू माझ्या अंगातली ओढ शेवटच्या कणापर्यंत निघून गेली. जे दोन दिवसांत व्हायचं ते फळीवर धूळ खात झालं. आता मी आकसणार नाही. आता कुणी मला दाबलं तर मी दाबच सांगेन, दुसरं काही नाही. पण माझ्यात आता कोणी प्रकाश सोडत नाही. गोंदाने माझी टोकं बुजली आहेत.

आता पुन्हा शरद आलाय. काल फाल्को तीन टोपल्या घेऊन आला. प्रोफेसरांना आणि आणखी दोघांना तो एगॉनच्या जागेवर घेऊन गेला होता. लहान, मोठ्या, कोवळ्या, सगळ्या अळंब्या कापून आणल्या. चकत्या झाल्या, जाळ्या भरल्या, ओव्हनचं दार लागलं. पुन्हा तोच खमंग वास.

हाइडरूनने परवाच नवा तंतू ओढलाय. त्याच्यावर काम करायला इम्के नावाची एक नवी मुलगी आली आहे. रीळ हातात घेऊन ती ओव्हनसमोर उभी राहिली.

"हा शेकायचाय ना?"

हाइडरूनने माझ्या टोपीकडे पाहिलं आणि ती सिगारेटचं पाकीट शोधायला लागली.

"तसाच कोर," फाल्को म्हणाला. "शून्य सरकलं तर हिशेबात दुरुस्त होतं. माझ्या प्रबंधात आहे, वाच."

"आणि कुणाच्या सॉकेटमध्ये बसवायचा?"

"मांडीच्या सॉकेटमध्ये. एगॉन कीझेवेटर म्हणून आहेत. त्यांनीच पुन्हा नाव दिलंय. अर्धवट राहिलं ते पुरं करायचंय म्हणाले."

रीळ आत्ता माझ्या समोरच्या टेबलावर आहे. बाहेरून किती सरळ, किती गुळगुळीत. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात तर माझ्यावरची धूळ झटकू नका, मला टोपीवरून सोडवूही नका. फक्त ओव्हनचं दार उघडा आणि त्या अळंब्या बाहेर काढून ठेवा. उद्या सकाळी इम्के लेझर लावणार आहे.